नवी आवृत्ती आली, आता आपलं गाणं तिच्यासमोर ठेवा

संगीतनिर्मितीच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की पहिले काही आठवडे सगळीकडे एकच प्रश्न ऐकू येतो: यात नवीन काय आहे? प्रश्न रास्त आहे. पण त्याच्या उत्तरावरून सॉफ्टवेअर निवडू नये आणि बदलूही नये. नव्या गोष्टींची यादी कंपनी स्वतःच देते आणि ती बहुधा खरी असते. या नव्या गोष्टींमुळे माझं गाणं लवकर पुरं होईल का, अधिक चांगलं होईल का, हे मात्र कंपनी सांगू शकत नाही. ते तुमच्याच संगणकावर, तुमच्याच गाण्यावर तपासावं लागतं. ही तपासणी नीट केली तर पैसे वाचतात, आणि त्याहून मोलाचे महिने वाचतात.

गेल्या काही वर्षांत अशा आवृत्त्यांची रांगच लागली. ऑक्टोबर 2023 मध्ये रीपर 7 आलं. 5 मार्च 2024 ला एबलटन लाइव्ह 12 आलं, त्याच वर्षी 13 मेला ॲपलचं लॉजिक प्रो 11, ऑक्टोबरमध्ये स्टुडिओ वन 7 आणि नोव्हेंबरमध्ये क्युबेस 14. एफएल स्टुडिओने 2024 पासून आवृत्तीला वर्षाचाच आकडा द्यायला सुरुवात केली. शिवाय या प्रत्येकाच्या मधल्या सुधारित आवृत्त्या येत राहतात त्या वेगळ्याच. घरातल्या एका खोलीत भक्तिगीतं, नाटकाचं पार्श्वसंगीत, लावणी किंवा रॅप रेकॉर्ड करणाऱ्या माणसाने यातल्या प्रत्येक बातमीमागे धावायचं ठरवलं, तर गाणी करायला वेळच उरणार नाही.

आज त्यांच्याकडे, उद्या तुमच्याकडे

तुलना करण्याआधी या सॉफ्टवेअरांचा थोडा इतिहास डोळ्यांसमोर ठेवावा. एका ओळीचे चार-पाच टेक घ्यायचे आणि प्रत्येकातला चांगला तुकडा उचलून एक सलग ओळ बांधायची, याला कॉम्पिंग म्हणतात. गायकांचं रेकॉर्डिंग करणाऱ्याला याची रोज गरज पडते. लॉजिकमध्ये माउस नुसता फिरवून हे करण्याची सोय 2007 साली आवृत्ती 8 मध्ये आली. लाइव्हमध्ये ती यायला फेब्रुवारी 2021 उजाडला, तेव्हा आवृत्ती 11 होती. रीपरमध्ये इतकी सुटसुटीत सोय 2023 मध्ये ट्रॅक लेन आल्यावर झाली. उलट दिशेनेही हेच घडलं. छोट्या छोट्या क्लिप हव्या तशा वाजवत गाणं रचण्याची पद्धत लाइव्हने 2001 च्या पहिल्याच आवृत्तीत आणली. लॉजिकने ती 2020 मध्ये घेतली आणि स्टुडिओ वनने 2024 मध्ये.

तयार गाण्यातून आवाज, ड्रम, बेस वेगळे काढण्याची सोय तर याहून वेगाने पसरली. एफएल स्टुडिओ 21.2 मध्ये ती 2023 साली आली, लॉजिक 11 आणि स्टुडिओ वन 7 मध्ये 2024 साली, आणि लाइव्हच्या 12.3 मध्ये 2025 साली. ज्याने 2023 मध्ये केवळ या एका सोयीसाठी वर्षानुवर्षांचं ओळखीचं सॉफ्टवेअर सोडलं, त्याला दोन वर्षांत तीच सोय बहुधा घरबसल्या मिळाली असती.

एखादं वैशिष्ट्य दुसरीकडे आधी आलं म्हणून लगेच स्थलांतर करू नये, हे माझं ठाम मत आहे. एका सॉफ्टवेअरातून दुसऱ्यात न जाणारी गोष्ट वेगळीच असते, ती म्हणजे काम करण्याची रीत. एफएल स्टुडिओत आधी नमुना बांधायचा आणि मग तो गाण्यात मांडायचा. लाइव्हमध्ये क्लिप वाजवत, ऐकत गाणं सापडतं. रीपर जवळजवळ रिकाम्या हाताने येतं, पण त्यातलं प्रत्येक बटण आपल्या सोयीने बदलता येतं. लॉजिकमध्ये वाद्यांचा आणि आवाजांचा मोठा साठा पहिल्या दिवसापासून सोबत असतो. मुंबईतल्या चित्रपटांच्या स्टुडिओंत प्रो टूल्सच का चालतं, याचं उत्तरही वैशिष्ट्यांच्या यादीत नाही. एका स्टुडिओतलं काम दुसऱ्या स्टुडिओत अडथळ्याविना उघडलं पाहिजे, ही तिथली गरज आहे. तुलना करायची तर आधी या रीतींची करा.

कसोटीचं गाणं

आता प्रत्यक्ष तपासणीकडे वळू. आपलं एक पूर्ण झालेलं गाणं निवडा. अर्धवट गाणं घेऊ नका, कारण त्यात आपण सॉफ्टवेअर तपासत नाही, चाल शोधत बसतो. या गाण्यात निदान एक गायलेला आवाज अनेक टेकसह असावा, एक प्रत्यक्ष वाजवलेलं तालवाद्य असावं, दोन-तीन मिडी ट्रॅक असावेत आणि लय कुठेतरी बदलत असावी. भजनात शेवटी लय वाढते, तसं एखादं गाणं असेल तर फारच उत्तम. त्याचे मूळ ट्रॅक वेव्ह फाइल म्हणून बाहेर काढा, मिडी वेगळं काढा, आणि नव्या आवृत्तीत किंवा नव्या सॉफ्टवेअरात ते गाणं पहिल्यापासून उभं करा.

कामं ठरवून घ्या. आवाजाचे टेक जोडायचे. ढोलकीचा एक निसटलेला ठोका जागेवर आणायचा. लय वाढते तिथे मिडी ट्रॅक सोबत न्यायचे. एक अंतरा कापून पुढे सरकवायचा. मिक्स करून फाइल बाहेर काढायची. हे करताना शेजारी वही ठेवा आणि जिथे जिथे हात थांबला तिथे एक ओळ लिहा. किती मिनिटं लागली हे गौण आहे. आपण कुठे अडलो आणि का अडलो, हे महत्त्वाचं. "बटण सापडलं नाही" ही अडचण दोन आठवड्यांत जाते. "हे करायला प्रत्येक वेळी चार पायऱ्या लागतात" ही अडचण कधीच जात नाही. वहीतल्या नोंदींत या दोन प्रकारच्या ओळी वेगळ्या करता आल्या की अर्धा निर्णय झालाच.

ही तपासणी दोनदा करावी, मध्ये आठवडाभर जाऊ द्यावा. पहिल्या दिवशी जुनं सॉफ्टवेअर हमखास जिंकतं, कारण शॉर्टकट बोटांत बसलेले असतात. दुसऱ्या खेपेला बोटं थोडी सैल होतात आणि तुलना न्यायाची होते. नव्याच्या मोहातल्या माणसाचं उलट होतं. त्याला पहिल्या दिवशी नवं सगळंच सुंदर दिसतं आणि दुसऱ्या खेपेला त्याचे काटे टोचतात.

यासाठी फुकट चाचणीची मुदत मिळते, पण ती प्रत्येकाची वेगळी असते. लॉजिक नव्वद दिवस देतं, रीपर साठ, लाइव्ह तीस. एफएल स्टुडिओच्या चाचणीला मुदतच नाही, मात्र त्यात जतन केलेलं काम विकत घेईपर्यंत पुन्हा उघडता येत नाही. म्हणून तिथे कसोटीचं गाणं एका बैठकीत संपवावं लागतं. आवृत्ती आली त्या संध्याकाळी चाचणी सुरू करू नका. पहिली दुरुस्ती आवृत्ती येऊ द्या, हातात मोकळ्या चार संध्याकाळी येऊ द्या, मग सुरू करा. आणि क्रॅक केलेल्या प्रतीवर तुलना करूच नका. ती अद्ययावत होत नाही, मध्येच बंद पडते, तिच्यासोबत संगणकात काय शिरतं ते कळत नाही. शिवाय ज्यांच्या कष्टावर आपली गाणी उभी राहतात त्यांचे पैसे बुडतात. ज्याला आपल्या गाण्याची चोरी झाली तर दुःख होतं, त्याने हे लक्षात घ्यावं. मॅकवर गॅरेजबँड फुकट आहे, आणि बऱ्याच ऑडिओ इंटरफेससोबत व मिडी कीबोर्डसोबत लाइव्हची लाइट आवृत्ती येते. सुरुवात एवढ्यावर उत्तम होते.

लाइव्ह 12 आपल्या संगीताला कितपत उपयोगी

लाइव्ह 12 चं उदाहरण सविस्तर घेऊ, कारण त्यातल्या नव्या गोष्टींपैकी काही आपल्या संगीताला थेट भिडतात.

सर्वांत साधा बदल मला सर्वांत उपयोगी वाटतो. मिक्सर आता अरेंजमेंटच्या पडद्यावरच दिसतो. आधी गाण्याची मांडणी एका पडद्यावर आणि मिक्सर दुसऱ्यावर अशी ये-जा करावी लागे. इतर बऱ्याच सॉफ्टवेअरांत ही सोय कितीतरी वर्षांपासून होती, त्यामुळे बातम्यांत तिचं फारसं कौतुक झालं नाही. पण रोज आठ तास काम करणाऱ्याचा यात जितका वेळ वाचतो तितका कोणत्याही नव्या इफेक्टने वाचत नाही. आवाजांच्या साठ्यात टॅग लावून शोधणं आणि एखाद्या आवाजासारखे दुसरे आवाज शोधणं, या दोन सोयीही याच जातीच्या. ज्याच्या हार्ड डिस्कवर ढोलकी, टाळ आणि झांजेचे हजारो नमुने विखुरलेत त्याला त्यांचं महत्त्व लगेच कळेल.

आता स्केलबद्दल. लाइव्ह 12 मध्ये गाण्याची मूळ पट्टी आणि स्केल ठरवलं की मिडीची साधनं त्यातच राहतात, चुकीचा स्वर लागत नाही. गायिका काळी एकमध्ये गाते, तर मूळ स्वर सी शार्प ठेवायचा आणि पाच स्वरांची मेजर पेंटॅटॉनिक निवडायची. भूपाची चाल बांधायला हे सोयीचं आहे. पण मर्यादाही इथेच कळते. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच. भूपात गंधाराला प्राधान्य, देशकारात धैवताला. आरोह-अवरोह, चलन, कुठे थांबायचं, हे काहीच सॉफ्टवेअरला ठाऊक नाही. मिडी आपोआप निर्माण करणारी नवी साधनं या स्वरांतून नमुने भराभर काढून देतात, पण त्यात राग सापडेलच असं नाही. पार्श्वसंगीतासाठी, तालाच्या भरावासाठी ती वापरा. चालीसाठी स्वतःच्या कानावर भरवसा ठेवा.

स्वरांच्या नेमक्या उंचीची सोय अधिक गंभीर आहे. हार्मोनियमच्या बारा समान पट्ट्यांबाहेरची मांडणी आता संपूर्ण गाण्याला लावता येते, आणि स्काला फाइलमधून ती बाहेरून आणताही येते. तानपुऱ्याशी जुळणारा शुद्ध गंधार कीबोर्डवरून वाजवायचा असेल, तर समान पट्ट्यांतला गंधार जवळजवळ चौदा सेंटने चढा असतो, आणि तानपुरा चालू असताना ते ऐकू येतं. तो उतरवून घेता येणं ही खरी मिळकत आहे. ही मांडणी लाइव्हच्या स्वतःच्या वाद्यांत नीट चालते. बाहेरच्या प्लगइनमध्ये चालेल का, हे एकेक करून तपासावं. लॉजिकमध्येही प्रोजेक्टची स्वररचना बदलण्याची सोय कितीतरी जुनी आहे. त्यामुळे केवळ यासाठी लॉजिक सोडून लाइव्हकडे येण्याची गरज नाही. पण लाइव्ह वापरणाऱ्याला आवृत्ती 11 वरून 12 वर जायला हे एक कारण पुरेसं आहे.

12.1 मध्ये आलेलं ऑटो शिफ्ट हे स्वर सुधारण्याचं साधन मात्र जपून वापरावं. ठरवलेल्या स्केलमध्ये आवाज ओढून बसवणं हे त्याचं काम. मींड आणि मुरकी यांत आवाज मुद्दाम दोन स्वरांच्या मधून जातो, तिथेही ते ओढाताण करतं. अभंगाच्या आवाजावर ते लावून पाहा आणि एकच मुरकी मूळ आवाजाशी ताडून ऐका. कुठल्याही कंपनीच्या स्वरसुधार साधनाची हीच परीक्षा घ्यावी. पाश्चात्त्य पॉपची ओळ घेऊन केलेल्या प्रात्यक्षिकावरून त्याची पारख होत नाही.

तालाच्या बाबतीत एक गोष्ट क्वचितच कोणी तपासतं, ती म्हणजे मेट्रोनोम. रूपकाच्या सात मात्रा 7/4 लिहून कोणत्याही सॉफ्टवेअरात बसतात. पण क्लिक पहिल्या मात्रेवर जोरात पडतो, आणि रूपकाची सम खालीच्या मात्रेवर असते. तबलजीला हा क्लिक ऐकत वाजवायला सांगितलं तर त्याचा हात अवघडतो. झपतालाच्या दहा मात्रांना दोन-तीन-दोन-तीन अशी विभागणी हवी, दीपचंदीच्या चौदांना तीन-चार-तीन-चार. क्युबेसमध्ये क्लिकचा जोर कुठे पडावा हे आपण आखू शकतो, आणि वादकांसोबत बसून रेकॉर्ड करणाऱ्यासाठी ही सोय मोठी आहे. जिथे ती नाही तिथे ठेक्याचा एक साधा लूप बनवून तोच वादकाच्या कानात द्यावा. आणि क्लिक नसताना गायलेल्या, लय हळूहळू वाढवत नेलेल्या भजनाला नंतर मिडी जोडायचं असेल, तर लॉजिकचं 2018 पासूनचं स्मार्ट टेम्पो तपासून पाहा. गायकाच्या लयीमागे सॉफ्टवेअरने जाणं हे आपल्या संगीताला मानवणारं आहे.

लाइव्ह 12 ची आणखी एक बाजू बातम्यांत मागे पडली. अंध वापरकर्त्यांसाठी पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरशी, म्हणजे मॅकवर व्हॉइसओव्हर आणि विंडोजवर फुकट मिळणाऱ्या एनव्हीडीएशी, ते आता जुळतं. महाराष्ट्रात कितीतरी अंध हार्मोनियमवादक, तबलावादक आणि संगीतकार आहेत. त्यांच्यासाठी तुलनेचा पहिला निकष हाच. रीपरमध्येही ओसारा नावाच्या जोडसाधनामुळे अंध वापरकर्ते फार वर्षांपासून काम करत आले आहेत. तुमच्या ओळखीत असा कलावंत असेल तर ही दोन्ही नावं त्याच्यापर्यंत अवश्य पोचवा.

आवाज वेगळे काढणं

या सोयीची जाहिरात सर्वांत मोठी झाली, म्हणून तिची तपासणी कडक हवी. ड्रम, बेस, आवाज आणि उरलेलं सगळं, अशी मूळ विभागणी असते. लॉजिकने 2025 मध्ये त्यात गिटार आणि पियानो जोडले. आपल्या गाण्यात संबळ, तुणतुणं, हार्मोनियम आणि सनई असते. तेव्हा ती बहुतेक 'उरलेलं सगळं' या ढिगात जातात. हार्मोनियमवादक गायकाच्या मागोमाग तीच चाल वाजवतो, त्यामुळे वेगळ्या काढलेल्या आवाजात पेटी झिरपते आणि पेटीत आवाज. ढोलकीच्या धुमाचा घुमारा बेसमध्ये जाऊ शकतो. तुलना करायची तर प्रत्येक सॉफ्टवेअरात तोच एक मराठी तुकडा टाका, निघालेला आवाज एकटा ऐका आणि मग सगळे तुकडे पुन्हा एकत्र वाजवून मूळ गाण्याशी ताडा.

आणि ज्या गाण्याचे हक्क आपल्याकडे नाहीत, त्याचे तुकडे काढून प्रसिद्ध करण्याचा हक्क कोणतंही सॉफ्टवेअर देत नाही. रियाज करायला, चाल लिहून घ्यायला, स्वतःच्या जुन्या कॅसेटवरचा आवाज सोडवून घ्यायला ही सोय अप्रतिम आहे.

कोणाचा आवाज चांगला?

"या सॉफ्टवेअरचा आवाज अधिक भरदार आहे" हे वाक्य प्रत्येक नव्या आवृत्तीनंतर ऐकू येतं. ते घरी तपासता येतं. तेच वेव्ह ट्रॅक दोन सॉफ्टवेअरांत ठेवा. इफेक्ट लावू नका, वेग बदलू नका, सगळे फेडर शून्यावर ठेवा, आणि दोन्हींतून फाइल काढा. मग त्या दोन फाइल एकाच प्रोजेक्टमध्ये नेमक्या एकाखाली एक ठेवून एकीचा फेज उलटा करा. दोन्ही सारख्या असतील तर काहीही ऐकू येणार नाही. आजच्या सॉफ्टवेअरांत बहुधा असंच होतं, कारण बेरीज ही बेरीजच असते. काही उरलं, तर आधी पॅन लॉ तपासा. मोनो ट्रॅक मधोमध ठेवला की त्याची पातळी किती उतरवायची याचा नियम प्रत्येकाचा वेगळा असतो, शून्य, तीन किंवा सहा डेसिबल. तीन डेसिबलचा फरक कानाला 'भरदारपणा' म्हणून भासतो. म्हणून कोणतीही तुलना ऐकताना दोन्हींची पातळी आधी समान करा.

आवाज खरोखर वेगळा होतो तो वेग बदलण्याच्या पद्धतीमुळे, सोबतच्या इफेक्टमुळे आणि वाद्यांमुळे. तिथे तुलना जरूर करा. लाइव्ह 12 चं रोर हे आवाज खरखरीत, दाट करणारं साधन आणि मेल्ड हे सिंथ, दोन्ही मन लावून ऐकण्यासारखी आहेत. पण ती फक्त सर्वांत महागड्या स्वीट संचात मिळतात. हा मुद्दा सर्वत्र लागू आहे. जाहिरातीत दाखवलेलं वैशिष्ट्य आपण घेणार असलेल्या संचात आहे का आणि आपल्या यंत्रावर चालतं का, हे कंपनीच्या तुलना तक्त्यात पाहूनच पुढे जावं. लॉजिक 11 चं आवाज वेगळे काढणारं स्टेम स्प्लिटर आणि क्रोमाग्लो हा इफेक्ट केवळ ॲपलच्या स्वतःच्या चिपवर चालतात. इंटेल मॅकवर लॉजिक 11 बसेल, पण ही दोन्ही मिळणार नाहीत.

यंत्र आणि पैसा

नवी आवृत्ती जुन्या संगणकावर किती भार टाकते, हेही कसोटीच्या गाण्यावरच कळतं. बफर 128 सॅम्पल आणि दर 48,000 ठेवला तर एका दिशेने सुमारे 2.7 मिलिसेकंद लागतात. या स्थितीत गाणं अडखळत नसेल तर गायकाला कानात स्वतःचा आवाज वेळेवर मिळेल. जुन्या आवृत्तीत अडखळत नव्हतं आणि नवीत अडखळतं, तर कितीही वैशिष्ट्यं असली तरी थांबावं. आपल्या प्रत्येक प्लगइनचीही यादी करा. जे गाण्यात वापरलंय ते नव्या आवृत्तीत उघडतं का, हे आधी बघा. ऑपरेटिंग सिस्टिम आणि संगीताचं सॉफ्टवेअर एकाच दिवशी बदलू नका, नाहीतर बिघाड कुठे आहे ते सापडत नाही. विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टचा नियमित पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्यामुळे त्यावर काम करणाऱ्यांना यंत्राचा विचार आधी करावा लागेल.

पैशांची तुलना आजच्या किमतीवर न करता पुढच्या पाच वर्षांच्या खर्चावर करावी. एफएल स्टुडिओ एकदा घेतलं की पुढच्या सर्व आवृत्त्या फुकट मिळतात. लॉजिक 2013 मध्ये लॉजिक प्रो एक्स म्हणून 199.99 डॉलरला आलं, आणि तेव्हा घेणाऱ्याने आवृत्ती 11 पर्यंत पुन्हा एक पैसा भरला नाही. पण त्याच्यासाठी मॅकच हवा आणि खरा खर्च तिथे आहे. रीपरचा परवाना 60 डॉलरला मिळतो, मोठी कमाई करणाऱ्या व्यावसायिकांना 225 ला, आणि तो दोन मोठ्या आवृत्त्यांना पुरतो. लाइव्ह आणि क्युबेस यांच्या मोठ्या आवृत्त्यांना प्रत्येक वेळी वेगळे पैसे पडतात. डॉलर किंवा युरोत पैसे भरताना त्यावर 18 टक्के जीएसटी आणि बँकेचा चलनबदलाचा आकार जमेस धरा. नवी आवृत्ती जाहीर होण्याच्या सुमारास जुनी घेणाऱ्याला बऱ्याचदा नवी फुकट मिळते, म्हणून खरेदीची तारीख आणि कंपनीची अट ताडून पाहा.

लाइव्ह 11 वर ज्याचं काम केवळ गायकांचं रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग एवढंच आहे, त्याने 12 साठी घाई करू नये असं मला वाटतं. जो मिडीत चाली रचतो, ज्याला पट्ट्यांबाहेरचे स्वर हवेत, किंवा ज्याचा नमुन्यांचा साठा हाताबाहेर गेलाय, त्याने जावं. पहिल्यांदाच सॉफ्टवेअर घेणाऱ्याने, आणि हातात पैसे मोजके असतील तर, रीपरपासून सुरुवात करावी. ते शिकायला कष्ट पडतात, पण त्यात एकही ट्रॅक अडवलेला नाही.

जुनी गाणी

नव्या आवृत्तीत उघडून जतन केलेलं गाणं जुन्या आवृत्तीत परत उघडत नाही, हे लाइव्ह 12 आणि 11 बाबत खरं आहे आणि इतरांबाबतही धरून चालावं. कोल्हापूरचा जोडीदार जुन्याच आवृत्तीवर असेल तर त्याला तुमचं काम उघडताच येणार नाही. म्हणून दोन्ही आवृत्त्या काही महिने शेजारी शेजारी ठेवा, चालू असलेलं काम जुन्यातच पुरं करा, आणि नव्यात नवं गाणं सुरू करा. जुनं गाणं नव्यात उघडायचंच असेल तर आधी त्याची प्रत काढा. सॉफ्टवेअरांमध्ये काम हलवण्यासाठी बिटविग आणि प्रीसोनस यांनी 2023 मध्ये डीएडब्ल्यूप्रोजेक्ट हा खुला फाइलप्रकार आणला. तो ट्रॅक, क्लिप आणि लय नेतो, पण समोरच्या सॉफ्टवेअरात नसलेले इफेक्ट नेऊ शकत नाही.

नोव्हेंबर 2017 मध्ये गिब्सन कंपनीने केकवॉक सोनारचं काम थांबवलं, तेव्हा त्यावर वर्षानुवर्षं काम केलेल्यांची गाणी अधांतरी लटकली. पुढच्या वर्षी बँडलॅबने ते विकत घेतलं म्हणून निभावलं. कोणत्याही सॉफ्टवेअरच्या भविष्याची हमी मिळत नाही. तेव्हा नव्या आवृत्तीचं बटण दाबण्याआधी आपल्या प्रत्येक महत्त्वाच्या गाण्याचा एकेक ट्रॅक पहिल्या मात्रेपासून शेवटपर्यंत सलग वेव्ह फाइल म्हणून काढून ठेवा. सोबत मिडी, लय, पट्टी आणि कोणी काय वाजवलं याची चिठ्ठी ठेवा, आणि या सगळ्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या.